पान त्रेचाळीस

जावा बेटावरच्या सुराकार्तामधल्या एका खासगी विद्यापीठात व्यवसाय-व्यवस्थापनाचा कुठलाही प्रबंध बांधणीला जाण्याआधी ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, कोपऱ्यातल्या टेबलावर यावा लागे. टेबल पाक हर्सोयोंचं, म्हणजे हर्सोयो सरांचं. प्रबंधात काय लिहिलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते बघत फक्त शेवटची पाच-सात पानं, म्हणजे संदर्भसूची. लेखकाचं नाव, मग कंसात वर्ष, मग पुस्तकाचं नाव तिरक्या अक्षरांत, मग प्रकाशक. कुठे टिंब राहिलं, कुठे स्वल्पविराम जास्त झाला, की तिथे ते पेन्सिलीने बारीक गोल काढत आणि प्रत परत करत. सूची निर्दोष झाली की शिक्का. शिक्का नसेल तर तोंडी परीक्षेची तारीख मिळत नसे.

मुलं त्यांना पाठीमागे टिंबकाका म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. वाईट वाटत नसे. उलट कुणीतरी आपल्याला काही म्हणतंय याचंच त्यांना नवल वाटे. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मोठ्याने बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आठ महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, आणि हे आठ महिने असेच गोल काढत सरावेत एवढीच त्यांची इच्छा होती.

सोमवारी सकाळी गालुह आली. शेवटच्या वर्षाची, चष्मा लावणारी, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. बाजारातल्या बायका आणि त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं यांच्यातल्या विश्वासावर तिचा प्रबंध होता. सूचीवर शिक्का मागच्याच आठवड्यात पडला होता. त्याआधी हर्सोयोंनी ती तीनदा परत केली होती.

"पाक, एक पुस्तक हवंय. मी चार ग्रंथालयं पालथी घातली. बू रेत्नो म्हणतात, मूळ पुस्तक डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करणार नाही."

बू रेत्नो, म्हणजे रेत्नो बाई, तिच्या मार्गदर्शक. नव्याने आलेल्या, कडक. गुरुवारी तोंडी परीक्षा होती. ती हुकली तर पुढची सहा महिन्यांनी, आणि पहिल्या तारखेला गालुहला एका बँकेत उमेदवारीवर रुजू व्हायचं होतं, तेही उत्तीर्ण झाल्याचं पत्र हातात असलं तर. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि कागद पुढे केला. कागदावर तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: सातिनेम, १९८७, पारंपरिक बाजारातील विश्वास, पान त्रेचाळीस.

हर्सोयोंनी कागद वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला, जणू पुसल्याने अक्षरं बदलणार होती.

"उद्या ये," ते म्हणाले. "मी शोधतो."

ती आभार मानून गेली. तिच्या चेहऱ्यावर जो भरवसा होता तो त्यांना बघवला नाही.

सातिनेम हे त्यांच्या आईचं नाव होतं. आणि हे पुस्तक कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी विभागाला संदर्भ कसे द्यावेत याची पुस्तिका हवी होती. विभागप्रमुखांनी ते काम हर्सोयोंच्या गळ्यात घातलं आणि पंधरा दिवस दिले. पद्धत परदेशातून आलेली; तिला आधी आडनाव लागतं, मग आद्याक्षरं. पण जावातल्या जुन्या माणसांना नाव एकच. आडनाव नाही, बापाचं नाव नाही, काही नाही. मुलं अशा लेखकांची नावं दोनदा लिहीत, किंवा उगाच एखादं अक्षर चिकटवून देत. तेव्हा एकाच नावाचा लेखक कसा द्यावा याचं एक उदाहरण पुस्तिकेत हवं होतं. खरे लेखक होते की पुष्कळ. पण हर्सोयोंना वाटलं, एखाद्या खऱ्या माणसाचं नाव आपल्या हातून चुकीचं छापलं गेलं तर? त्यापेक्षा एक बनवून घालावं. रात्री जेवताना समोर आई बसली होती. तिचं नाव एकच होतं. ती आयुष्यभर बाजारात टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकत आली होती. पुस्तकाचं नाव आपोआप सुचलं. वर्ष म्हणून आपण शाळा संपवून कॉलेजात आलो ते घातलं. पुस्तिका छापून आली तेव्हा त्यांनी ते पान उघडून आईला दाखवलं होतं आणि नावावर बोट ठेवलं होतं. तिला जेमतेम अक्षरं जुळवता येत. तिने नाव जुळवलं, आणि "छान छापलंय" एवढंच म्हणाली.

गालुह गेल्यावर ते जुन्या प्रबंधांच्या खोलीत गेले. शोधायची फारशी गरज नव्हती. त्यांना जागा ठाऊक होत्या.

पुस्तिका निघाल्यावर चौथ्या वर्षी एका मुलाने आपली सूची फुगवण्यासाठी उदाहरणांतली तीन पुस्तकं उचलून तशीच्या तशी घातली. त्यातलं एक हे. हर्सोयोंनी ते तेव्हाच ओळखलं होतं. पण मुलाची परीक्षा दोन दिवसांवर होती, बिचारा घामाघूम होऊन उभा होता, आणि टिंबं सगळी जागच्या जागी होती. त्यांनी शिक्का मारला. त्याच्या पुढच्या वर्षी एका मुलीने त्या मुलाचा प्रबंध वाचून लिहिलं की विश्वासामुळे व्यवहार सोपे होतात असं सातिनेम यांचं मत आहे. तिसरीने लिहिलं की सातिनेम यांनी एकशे वीस विक्रेत्यांची पाहणी केली. चौथ्याने पान क्रमांक दिला, त्रेचाळीस. तो कुठून आला हे हर्सोयोंना त्याच दिवशी कळलं होतं: पुस्तिकेत ते उदाहरण त्रेचाळिसाव्या पानावर होतं.

त्यांनी मोजले. एकतीस प्रबंध. एकतीस ठिकाणी आईचं नाव, आणि त्या प्रत्येक सूचीखाली त्यांचा शिक्का.

दर वेळी त्यांना वाटलं होतं, आता सांगावं. आणि दर वेळी सांगणं थोडं जास्त अवघड होऊन बसलं होतं, कारण आता मागच्या खेपेला का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. शिवाय, हे ते स्वतःशीही फारसं कबूल करत नसत, एखाद्या सूचीत ते नाव मोठमोठ्या प्राध्यापकांच्या रांगेत अक्षरक्रमाने बसलेलं दिसलं की त्यांना बरं वाटे.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई ओसरीत चटईवर बसून टेंपे बांधत होती. एक्याऐंशी वर्षांची. बाजार सुटून दहा वर्षं झाली, पण गल्लीतल्या वीसेक घरांपुरतं ती अजून करायची. उकडून, सालं काढून, विरजण लावलेलं सोयाबीन मूठभर घ्यायचं, केळीच्या पानात चौकोनी बांधायचं, भाताच्या काडीने आवळायचं. हर्सोयो हातपाय धुऊन तिच्यासमोर बसले आणि पानं पुसून देऊ लागले. आईला ते लहानपणापासून सिंबोक म्हणत. ती त्यांना अजून 'ले' म्हणे, लहान पोराला म्हणतात तसं.

"सिंबोक, एक सांगायचंय."

"सांग. हात नको थांबवूस."

त्यांनी सांगितलं. अडखळत, मधलं आधी आणि आधीचं मागाहून, पण सगळं सांगितलं. ती ऐकत बांधत राहिली. मग विचारलं, "जाड आहे का रे पुस्तक?"

"पुस्तकच नाहीये, सिंबोक. नुसतं नाव आहे."

"आणि नाव माझं."

"हो."

ती हसायला लागली. इतकी हसली की तिला हातातला पुडा खाली ठेवावा लागला. "मला धड सही येत नाही, आणि मी पुस्तक लिहिलं. काय लिहिलंय मी त्यात?"

"एकशे वीस विक्रेत्यांना भेटून..."

"एकशे वीस? आमच्या ओळीत नऊ जणी होतो. पलीकडच्या ओळीशी तर आम्ही बोलतसुद्धा नव्हतो." तिने डोळे पुसले. हसू ओसरल्यावर म्हणाली, "त्या पोरीचं काय होणार?"

हर्सोयो पान पुसत राहिले. त्यांनी दिवसभरात एक वाट शोधून ठेवली होती. तळमजल्यात एकदा पुराचं पाणी शिरलं होतं, काही पुस्तकं खरोखरच गेली होती. त्यात हेही गेलं असं एक पत्र आपण शिक्क्यासह देऊ शकतो. पत्रावर मार्गदर्शक बाई काय बोलणार? मुलीचंही काम होईल. हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

आईने काडी आवळली. "विरजण बिघडलं होतं तो दिवस आठवतो का तुला?"

आठवत होता. ते नऊ वर्षांचे असतील. सगळा घाणा काळा पडून आंबूस झाला होता, पुडे उकिरड्यावर टाकून झाले होते. आज आई घरी राहणार म्हणून त्यांना आनंद झाला होता. पण तिने रोजच्यासारखी टोपली पाठीला बांधली, रिकामी, आणि बाजारात जाऊन आपल्या जागेवर बसली. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत राहिली, आज नाही, माझा माल बिघडला. कोणी चुकचुकलं, कोणी टोमणा मारून शेजारणीकडे वळलं. रिकाम्या टोपलीशेजारी बसायची त्यांना इतकी लाज वाटली होती की त्यांनी मान वर केली नव्हती. दुपारपर्यंत ती तिथेच होती.

"मी घरी बसले असते तर शेजारणीने सांगितलंच असतं," आई म्हणाली. "पण ते तिनं सांगितलं असतं, मी नाही. पानं दे इकडे, सुकतायत."

मंगळवारी गालुह आली तेव्हा त्यांनी तिला खुर्ची दिली. टेबलावर ती पुस्तिका उघडून ठेवली होती, त्रेचाळिसाव्या पानावर. बोलणं जमणार नाही म्हणून त्यांनी चार ओळी लिहूनही आणल्या होत्या, पण त्या वाचताना आवाज जास्तच कापतोय असं वाटून कागद बाजूला ठेवला आणि तसंच सांगितलं.

ओढणीचं टोक बोटाला घट्ट होत गेलं.

"पाक, तुम्ही माझी सूची तीनदा परत केलीत. एकदा तर एका टिंबासाठी."

"हो."

"तेव्हा हे नाव दिसलं नव्हतं तुम्हाला?"

"दिसलं होतं."

त्यांनी खाली बघितलं. ती रागावेल, ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "खोटं मीही लिहिलंय. मी कुठे वाचलं होतं पुस्तक? मागच्या मुलीने लिहिलं ते मी लिहिलं. पान क्रमांकासकट."

मग दोघं जिना चढून बू रेत्नोंच्या खोलीत गेले. हर्सोयोंपेक्षा ती बाई वयाने वीस वर्षांनी लहान, पण दार ठोठावताना त्यांचा हात दोनदा मागे आला. आत गेल्यावर मात्र त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, एकतीस हा आकडाही. मुलीचा दोष नाही, असं शेवटी जोडलं.

बू रेत्नोंनी खण उघडून आपली पुस्तिका काढली, पान लावलं, बघितलं. त्या या पुस्तकाच्या शोधात स्वतः वर्षभर होत्या असं निघालं. जुन्या दुकानांत विचारलं होतं, राजधानीतल्या ओळखीच्यांना पत्रं लिहिली होती. ही सातिनेम कोण, तिने दुसरं काही का नाही लिहिलं, याचा त्यांना घोर लागला होता.

"मुलीचाही दोष आहे, पाक," त्या म्हणाल्या. "न वाचलेलं वाचलं म्हणून लिहिलं. पण तो दोष या विद्यापीठात तुमच्या शिक्क्यानिशी शिकवला गेलाय. त्याचं उत्तर तुम्हाला विभागप्रमुखांना लेखी द्यावं लागेल."

हर्सोयो म्हणाले, देतो.

मग त्या गालुहकडे वळल्या. परीक्षा गुरुवारीच होईल. पण प्रबंधाचं दुसरं प्रकरण सगळं या एका नावावर उभं आहे. ते नाव काढलं तर खाली काय उरतं ते तिने उद्या संध्याकाळपर्यंत दाखवावं. नाही दाखवता आलं तर सहा महिने.

बाहेर आल्यावर गालुह जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबली.

"पाक, तुमच्या आई आहेत अजून?"

"आहे की. आत्ता सोयाबीन भिजत घालत असेल."

"मी आजच येऊ?"

ती दुपारी त्यांच्या घरी गेली आणि बुधवारी सकाळी पुन्हा गेली. हर्सोयो मुद्दाम घरात थांबले नाहीत. आपण असलो तर आई आपल्याकडे बघून बोलेल अशी त्यांना भीती होती. त्यामुळे तिथे काय झालं ते त्यांना कळलं बुधवारी तीन वाजता, गालुहने नवं प्रकरण टेबलावर ठेवलं तेव्हा. नियमाने त्यांनी फक्त सूची बघायची. पण त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा एक प्रबंध पुढून वाचला.

तिने आईचं बोलणं जवळजवळ तसंच उतरवलं होतं. गिऱ्हाईक येतं आणि किती हवं हे नंतर सांगतं. आधी सांगतं कधी तळायचं ते. आज संध्याकाळी, उद्या सकाळी, परवा पाहुणे आहेत तेव्हा. विकणारी पुड्यांवरून अंगठा फिरवते आणि त्या वेळेला तयार होईल असा पुडा काढून देते. गिऱ्हाईक तो उघडून बघत नाही, कारण उघडला की आतलं पिकत नाही, वाया जातं. म्हणजे बघून घेण्याची सोयच नाही. 'ते टेंपे घेत नाहीत, माझा अंगठा घेतात,' असं आई म्हणाली होती. आणि पुढे त्या रिकाम्या टोपलीचा दिवसही होता. त्यात एक गोष्ट होती जी हर्सोयोंना माहीत नव्हती: दुसऱ्या दिवशी आईचे सगळे पुडे नेहमीपेक्षा लवकर संपले होते, आणि तिला त्याचा रागच आला होता. काल चुकचुकणाऱ्या आज कशा आल्या म्हणून.

ते वाचून त्यांनी मान खाली घालून पान उलटलं. मग सूचीवर आले.

सूचीत 'स' अक्षराखाली गालुहने लिहिलं होतं: सातिनेम, टेंपे विक्रेती, प्रत्यक्ष मुलाखत, आणि खाली दोन्ही तारखा. टिंबं बरोबर होती.

त्यांनी पेन्सिल उचलली आणि तशीच धरून बसले.

"काय झालं, पाक?"

"मुलाखत सूचीत येत नाही," ते म्हणाले. "मजकुरात कंसात येते. सूचीत फक्त तेच, जे वाचणाऱ्याला जाऊन मिळवता येतं. पुस्तक, लेख, अहवाल."

"मी गेले की. बसने चाळीस मिनिटं लागतात."

नियम त्यांनीच पुस्तिकेत उतरवला होता, एकोणसाठाव्या पानावर.

"इतकी वर्षं त्या खोट्या होत्या तेव्हा सूचीत चालल्या," गालुह म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच समजून घ्यायला बघत होती. "आता खऱ्या झाल्या, तर बाहेर?"

हर्सोयो त्या ओळीकडे बघत राहिले. ओळ राहू द्यावी असं त्यांना फार वाटलं. कोणी बघणार नव्हतं. बघणारे तेच होते. शिक्का हाताशी होता. पण असं फार वाटूनच तर इथवर आलो, हेही त्यांना त्याच वेळी कळत होतं. त्यांनी पट्टी घेतली आणि त्या ओळीवर पेन्सिलीची एक सरळ, फिकी रेघ ओढली.

"मजकुरात सात ठिकाणी आहे," ते म्हणाले. "मी मोजलं. तिथून कुणाला काढता येणार नाही."

गालुहने रेघेकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "शिक्का जरा ठळक मारा," ती म्हणाली. "मागच्या वेळचा पुसट होता."

गुरुवारी सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी हर्सोयोंनी दारावरच्या फळ्यावर एक कागद लावला. पुस्तिकेतल्या पान त्रेचाळीसवरचं सातिनेम यांचं पुस्तक अस्तित्वात नाही, ते उदाहरण मी बनवलं होतं, ते प्रबंधांत येताना मी पाहिलं आणि गप्प राहिलो. खाली एकतीस प्रबंधांचे क्रमांक. त्याखाली नाव, आणि सकाळी आठ ते चार मी टेबलावर आहे, कुणाला काही विचारायचं असल्यास यावं, अशी ओळ. शेवटची ओळ त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिली होती.

मग ते आपल्या टेबलावर जाऊन बसले. आदल्या संध्याकाळी लेखी उत्तर मिळताच विभागप्रमुखांनी सूची तपासायचं काम चौकशी होईपर्यंत काढून घेतलं होतं, त्यामुळे टेबलावर काहीच नव्हतं. लोक आले. दोन प्राध्यापक आले, नुसतेच बघून गेले. तीन मुलं कागदाचा फोटो काढून हसत गेली. साडेदहाला एक चाळिशीचा गृहस्थ आला, आता कुठेसा व्यवस्थापक होता. एकशे वीस विक्रेते त्याच्या बायकोने लिहिले होते म्हणे, आणि ती रात्रभर झोपली नव्हती. हर्सोयोंनी त्याला खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना आवाज कापला नाही.

दोन वाजता गालुह येऊन दारातूनच म्हणाली की झाली, उत्तीर्ण. जाताना तिने बांधलेली एक प्रत टेबलावर ठेवली. सिंबोकना वाचून दाखवा, म्हणाली.

संध्याकाळी त्यांनी ओसरीत बसून ते प्रकरण आईला वाचून दाखवलं. ती पुडे बांधत ऐकत होती. अंगठ्याच्या वाक्याला तिने मान हलवली. रिकाम्या टोपलीला काडी जरा जास्त आवळली. 'सातिनेम यांच्या ओळीत नऊ विक्रेत्या होत्या' हे वाक्य आलं तेव्हा तिचा हात थांबला.

"नऊ नाही. दहा."

"तूच नऊ सांगितलंस, सिंबोक."

"कडेला वार्सी बसायची ना, पपईची पानं विकायची. ती टेंपे विकत नव्हती म्हणून राहिली. पण ओळीत होती. दहा."

"आता छापून झालं."

"मग असं छापलेलंच राहणार?"

हर्सोयोंनी खिशातून पेन्सिल काढली, 'नऊ' भोवती बारीक गोल काढला आणि समासात दहा लिहिलं. मग जरा विचार करून, मुलाखतीला घालतात तशी, कंसात त्या दिवशीची तारीख घातली.

"पुढचं वाच," आई म्हणाली.